लिव्हरमधली पाण्याची गाठ: सुई टोचण्याआधी

प्रश्न: पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली. लिव्हरमध्ये 7 सेंमीची पाण्याची गाठ निघाली. रिपोर्टमध्ये ‘दुहेरी भिंत, हायडॅटिडची शक्यता’ असं लिहिलंय, पण एलायझा (प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आहे. एक डॉक्टर सुईने पाणी काढू म्हणतात, दुसरे ऑपरेशन सांगतात. काय करावं?

उत्तर: एलायझा निगेटिव्ह आली म्हणून हायडॅटिड (फीतकृमीमुळे होणारी पाण्याची गाठ) नाही असं धरून चालू नका. गाठ अखंड असली की आतला द्रव रक्तात फारसा मिसळत नाही, त्यामुळे काही वेळा प्रतिपिंडं पुरेशी तयारच होत नाहीत. अशा वेळी सोनोग्राफीच्या निष्कर्षाला जास्त वजन द्यावं. साध्या सिस्टची (कृमीशी संबंध नसलेल्या पाण्याच्या गाठीची) भिंत जेमतेम दिसते. हायडॅटिडच्या दोन समांतर रेघा दिसतात, आणि रुग्णाला कूस बदलायला लावली की तळाशी बसलेले बारीक कण उठून भुरभुरत खाली येतात. कूस बदलून पाहिलं होतं का, हे जरूर विचारा.

हा आजार एकायनोकोकस या फीतकृमीचा. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हात, भाजी किंवा पाण्यावाटे पोटात जातात. आतड्यातून निघालेलं रक्त आधी लिव्हरमधून गाळलं जातं, म्हणून बहुतेक गाठी तिथेच रुजतात. तिथून निसटलेल्या फुफ्फुसात. तेव्हा छातीचा एक्स-रेही काढून घ्या.

साधी सिस्ट समजून तयारीशिवाय सुई टोचणं, ही यातली सर्वात घातक चूक. द्रव पोटात सांडला तर तीव्र अ‍ॅलर्जी होऊन रक्तदाब कोसळू शकतो, आणि सांडलेल्या कणांतून पुढे नव्या गाठी धरतात. ‘पेअर’ ही पद्धत सुईचीच, पण तिला शिस्त आहे. आधी अल्बेंडाझोल ही कृमिनाशक गोळी सुरू करतात, भूलतज्ज्ञ आणि अशा झटक्यावरचं अ‍ॅड्रेनालिन तयार ठेवतात. सोनोग्राफीत पाहत सुई लिव्हरच्या निरोगी भागातून आत नेतात, म्हणजे छिद्र आपोआप दाबलं जातं. मग द्रव ओढून पाहतात. तो नितळ हवा. त्यात पित्त सापडलं तर तिथेच थांबायचं, कारण पुढे सोडायचं कृमी मारणारं औषध पित्तनलिकांत शिरून त्या कायमच्या आकसू शकतात. पित्त नसेल तर 20 टक्के मिठाचं द्रावण किंवा 95 टक्के अल्कोहोल सोडून 10 ते 15 मिनिटांनी परत ओढून घेतात.

सोनोग्राफीत गाठ कशी दिसते यावरून तिचे सीई 1 ते सीई 5 असे प्रकार करतात. तुमच्या गाठीत एकच पोकळी असेल (सीई 1), किंवा आतला पडदा सुटून तरंगत असेल (सीई 3ए), तर 5 ते 10 सेंमीच्या गाठीला आम्ही पेअर आणि गोळ्या हाच मार्ग आधी सुचवू. आत पिल्लं-गाठी भरल्या असतील (सीई 2, सीई 3बी) तर सुईने भागत नाही, तिथे ऑपरेशनच बरं. घट्ट किंवा चुना धरलेली गाठ (सीई 4, सीई 5) त्रास देत नसेल तर नुसती पाहत राहायची. म्हणून ‘सुई की ऑपरेशन’ याआधी ‘सीई कितवा’ हे रिपोर्टवर लिहून घ्या.

प्रश्न: अल्बेंडाझोल सुरू होऊन दोन महिने झाले. केस गळताहेत. गोळी थांबवू का?

उत्तर: स्वतःहून थांबवू नका. केस सहसा परत येतात. खरी काळजी लिव्हरची आणि पांढऱ्या पेशींची: सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा; पेशी घसरल्या किंवा एन्झाइम फार वाढले तर डॉक्टर गोळी थांबवतील. मात्रा रोज वजनाच्या किलोमागे 10 ते 15 मिग्रॅ, दोन वेळांत विभागून. मोठ्या माणसाला बहुधा 400 मिग्रॅ दोनदा. गोळी तेल-तूप असलेल्या जेवणासोबतच घ्या, उपाशीपोटी ती फार कमी शोषली जाते. गरोदरपणात हे औषध टाळतात. आणि सोनोग्राफीत गाठ अजून दिसते म्हणून खचून जाऊ नका. पडदा सुटणं, आतलं पाणी जाऊन गाठ घट्ट होणं, ही बरं होण्याचीच लक्षणं आहेत.

प्रश्न: स्वादुपिंडात 2 सेंमीची सिस्ट योगायोगाने सापडली. त्रास काहीच नाही. हायडॅटिडच असेल का?

उत्तर: तिथे हायडॅटिड क्वचितच. आधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली होती का, ते आठवा. तसं असेल तर ती बहुधा स्यूडोसिस्ट, म्हणजे सुजेनंतर साचलेल्या द्रवाची गाठ. नसेल तर एमआरसीपी (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांचा एमआरआय) करून सिस्ट मुख्य नलिकेला जोडलेली आहे का ते पाहावं. आत घट्ट गाठ दिसली, नलिका 5 मिमी किंवा त्याहून रुंद असली किंवा कावीळ झाली, तर एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) लांबवू नका.