कोण कोणाला फॉलो करतं?

प्रश्न : मॅडम, मी एक छोटं अ‍ॅप बनवते आहे. 'युजर्स' टेबलात 'फॉलोअर्स' नावाचा कॉलम ठेवला आणि त्यात स्वल्पविराम देऊन आयडी लिहीत गेले. काल १२ नंबरच्या युजरने अनफॉलो केलं, तर ११२ मधलाही १२ उडाला आणि नुसता १ उरला. फॉलोअर्ससाठी युजर्ससारखंच दुसरं टेबल करू का?

उत्तर : दुसरं युजर्स टेबल मुळीच करू नकोस. फॉलो करणारी आणि ज्यांना फॉलो करतात ती, माणसं तीच आहेत. त्यांची यादी एकच राहू दे. नवं टेबल हवं ते नात्याचं. 'फॉलोज' म्हण त्याला. त्यात दोन कॉलम, आणि दोन्ही फॉरेन की (म्हणजे दुसऱ्या टेबलात खरोखर असलेलाच आयडी घेणारे कॉलम) 'युजर्स'च्याच आयडीकडे जाणाऱ्या. हे पहिल्यांदा पाहताना चुकल्यासारखं वाटतं, पण बरोबर आहे.

जपायचं ते दिशेला. माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये मी या कॉलमांना 'युजर_आयडी' आणि 'फ्रेंड_आयडी' अशी नावं दिली होती. सहा महिन्यांनी नोटिफिकेशनची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहायला बसले, तर यातला फॉलो करणारा कोण हे मलाच आठवेना. उलटं धरलं, आणि ज्याने फॉलो केलं त्यालाच 'तुम्हाला नवा फॉलोअर मिळाला' असं जाऊ लागलं. तेव्हापासून मी कर्ता-कर्म पाहून नावं देते: 'फॉलोअर_आयडी' कर्ता, 'फॉलोड_आयडी' कर्म. (७, १२) ही रो, म्हणजे टेबलातली एक ओळ, मोठ्याने वाच: ७ ने १२ ला फॉलो केलं. १२ ने परत फॉलो केलं, तर (१२, ७) ही वेगळी रो.

दोन्ही कॉलमांची मिळून, 'फॉलोअर_आयडी' आधी ठेवून, प्रायमरी की (रोची ओळख, जी पुन्हा येऊ शकत नाही) कर, म्हणजे बटण दोनदा दाबलं तरी रो एकच राहील. स्वतःला फॉलो करता येऊ नये म्हणून चेक (चुकीची रो नाकारणारी अट) लाव, तुझा डेटाबेस मायएसक्यूएल असेल आणि ८.०.१६ च्या आधीचा असेल तर मात्र ते चेक नुसतं वाचतं, अडवत नाही. 'मी कोणाला फॉलो करते' याला प्रायमरी की पुरते. 'मला कोण फॉलो करतं' यासाठी 'फॉलोड_आयडी'पासून सुरू होणारा इंडेक्स (रो पटकन शोधून देणारी सूची) वेगळा लागतो, आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस तो आपणहून करत नाही. जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क वापरत असशील तर नात्याच्या फील्डमधलं 'सिमेट्रिकल' (नातं दोन्ही बाजूंनी धरायचं का) फॉल्स कर, नाहीतर तू ज्याला फॉलो करशील तोही तुला फॉलो करताना दिसेल.

जुना डेटा हलवण्याआधी ११२ मधून उरलेला तो १ हाताने दुरुस्त कर. १ नंबरचा युजर खरोखर असेल, तर फॉरेन की त्याला अडवणार नाही.