डेटाबेस शिकवायचाय? आधी डेअरीचं रजिस्टर उघडा

प्रश्न : मी बीसीएला डेटाबेस शिकवते. मुलं थर्ड नॉर्मल फॉर्मची (एकच माहिती पुन्हापुन्हा येऊ नये म्हणून टेबलं फोडायच्या नियमांपैकी एक) व्याख्या घडाघडा म्हणतात पण दोन टेबलं जोडायला सांगितली की गप्प. सरळ मोंगोडीबी (टेबलांऐवजी डॉक्युमेंटच्या रूपात डेटा ठेवणारा डेटाबेस) सुरू करू का?
– एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : मॅडम, मोंगोडीबी जरूर दाखवा पण शेवटी, कारण अडचण टूलची नाहीये, क्रमाची आहे. नेहमी आधी एडगर कॉडचं १९७० चं रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडायची कल्पना), मग नॉर्मल फॉर्म, आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येईस्तोवर सेमिस्टर संपत आलेलं. उलटं करून बघा ना. पहिल्याच आठवड्यात एसक्यूएल, तेही एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर, फुकट आहे, सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलीत, लॅबमधले जुने पीसीपण चालतात.

डेटा दूध संकलन केंद्राचा घ्या. सभासदाचं नाव, फोन, तारीख, लिटर, फॅट, दर सगळं एकाच टेबलात कोंबून द्या आणि सांगा, या सभासदाचा फोन बदललाय, दुरुस्त करा. दोन वेळचं दूध म्हणजे महिन्याला साठेक ओळी, एखादी सुटली की एकाच माणसाचे दोन नंबर. टेबल का फोडायचं ते तिथे पटतं, व्याख्या त्यानंतर.

पण मग उत्साहात मुलं दरही नोंदीतून काढून दरपत्रकात टाकतात आणि दर बदलला की मागच्या महिन्याची बिलंपण बदलतात! दर नोंदीतच ठेवायचा की दरपत्रकाला लागू-तारीख द्यायची, यावर अख्खं लेक्चर घालवा. मला हे सगळ्या व्याख्यांपेक्षा मोलाचं वाटतं कारण इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या पोरांना उद्या संस्थेच्या सेक्रेटरीशी बोलून हेच ठरवायचंय.

जॉइनसाठी, म्हणजे टेबलं जोडायला शिकवण्यासाठी, एकच प्रश्न पुरतो, या महिन्यात कुठल्या सभासदाने किती वेळा दूध घातलं, एकदाही न घातलेले धरून. साध्या जॉइनमध्ये न घातलेले गायबच होतात. लेफ्ट जॉइन (पहिल्या, म्हणजे इथे सभासदांच्या, टेबलातली प्रत्येक ओळ राखणारा) केला आणि महिन्याची अट व्हेअरमध्ये (जोडून झाल्यावर ओळी गाळणाऱ्या भागात) टाकली तर परत गायब, ती ऑनमध्ये (जोडतानाच्या अटीत) हवी. वर काउंट स्टार (सगळ्या ओळी मोजणारं) लावलं तर त्यांच्यापुढे १ येतो, नोंदीचा कॉलम मोजला तरच शून्य. हे मुलांना आपलं आपण चुकू द्या, लगेच सांगू नका.

लेखी पेपर विद्यापीठाचा, तो तुमच्या हातात नाही. पण इंटर्नलला न पाहिलेला डेटा देऊन क्वेरी लिहून घ्या, एसीएम आणि एआयएस या संगणक आणि इन्फर्मेशन सिस्टिम्स क्षेत्रातल्या संघटनांच्या आयएस २०२० या अभ्यासक्रमाच्या आराखड्यातही भर विद्यार्थी काय करून दाखवतो यावरच आहे.