शांतिसेना असूनही युद्धं का थांबत नाहीत? मग तिचा उपयोग काय?

मी ठाण्यात राज्यशास्त्र शिकवते. तुमचा प्रश्न वर्गातही दरवर्षी येतो, आणि तो रास्तच आहे.

मुळात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना लढाई थांबल्यावर पाठवायची, अशी कल्पना होती. सायप्रसमध्ये ती 1964 पासून ग्रीक आणि तुर्की सायप्रसवासीयांच्या मध्ये उभी आहे. पण रवांडा (1994) आणि बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा (1995) इथे तिच्या देखत कत्तली झाल्या, आणि त्यानंतर नागरिकांचे जीव वाचवण्याची जबाबदारीही तिच्यावर आली. तीही अशा देशांत, जिथे राखायला शांतताच नाही. कांगोत 2013 साली सुरक्षा परिषदेने थेट चढाई करणारी तुकडी दिली. एम-23 या बंडखोर गटाचा त्याच वर्षी पराभव झाला. जानेवारी 2025 मध्ये त्याच गटाने गोमा शहर घेतलं! मालीत तर तिथल्या सरकारनेच 2023 मध्ये शांतिसेनेला निघून जायला सांगितलं.

तरीही 'उपयोग काय' म्हणणाऱ्यांना मी दक्षिण सुदानचं सांगते. डिसेंबर 2013 मध्ये राजधानी जुबात गोळीबार सुरू झाला, तेव्हा शांतिसेनेने तळांची फाटकं उघडली. हजारो माणसं आत आली आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिली. त्याच महिन्यात अकोबोच्या तळावर हल्ला झाला, त्यात भारतीय जवान शहीद झाले.

हरलेल्या गटाच्या हाती गोमा का पडलं, हे समजायला आपल्या जिल्ह्यातली भिवंडी बघा. 1970 आणि 1984 च्या दंगलींत बंदोबस्त लागला, कर्फ्यू लागला, पण मनातली अढी तशीच राहिली. 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं पोलिसांसोबत एकत्र बसू लागली. मुंबई 1992-93 मध्ये पेटली, भिवंडी शांत राहिली. अशा चिवट कामासाठी संयुक्त राष्ट्रांनी 2005 मध्ये शांतता उभारणी आयोग नेमला, पण त्याच्या वाट्याला येणारा पैसा शांतिसेनेच्या खर्चापुढे नगण्य आहे.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. काय करायचं हे सुरक्षा परिषदेत ठरवताना नकाराधिकार पाच बड्या देशांच्या हातात, आणि जवान मुख्यतः भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडासारख्या देशांचे. भारताने आजवर अडीच लाखांहून जास्त जवान पाठवलेत. कामगिरी ठरवताना जवान पाठवणाऱ्या देशांनाही विचारा, ही मागणी भारत वर्षानुवर्षं करतोय. ती आधी मान्य व्हायला हवी.