फौजी वर्दी कुणी घालावी?

गेल्या महिन्यात या सदरात माजी सैनिकांच्या कॅन्टीन कार्डाबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये बरीच पत्रं फौजी कपड्यांबद्दलची निघाली. त्यातली पाच या वेळी घेतोय. मी लष्कराच्या सिग्नल कोअरमधून, म्हणजे दळणवळण सांभाळणाऱ्या दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. वकील नाही, पण खाली जी कलमं सांगितली आहेत ती मूळ कायद्यात वाचूनच सांगितली आहेत.

सुभेदारसाहेब, माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजात शिकतो. त्यानं बाजारातून आर्मीचा पूर्ण ड्रेस आणलाय. छातीवर ‘इंडियन आर्मी’, खांद्यावर ‘पॅरा’ लिहिलेली पट्टी आणि वर मरून टोपी. तेच घालून स्कूटरवरून फिरतो. परवा हेल्मेट नसतानाही नाक्यावर पोलिसानं अडवलं नाही, उलट सलाम ठोकला, असं कौतुकानं सांगत होता. माझे दीर म्हणतात, हा गुन्हा आहे. मुलगा म्हणतो, कपडे विकत मिळतात तर घालायला काय हरकत? — एक आई, डिचोली

ताई, दिरांचं बरोबर आहे. पण नेमकं कशामुळे बरोबर आहे ते मुलाला नीट समजावून सांगा, नाहीतर तो दुसऱ्या दुकानातून दुसरा ड्रेस आणेल.

नुसत्या हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या कापडावर आपल्याकडे सरसकट बंदी नाही. तशी हाफ पँट घालून कुणी किनाऱ्यावर फिरलं तर त्याला कुणी पकडत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 168 सांगतं ते असं: जो सैनिक, नौसैनिक किंवा वायुसैनिक नाही, त्यानं लोकांना आपण तसे आहोत असं वाटावं या हेतूनं तसा पोशाख केला किंवा तशी खूण बाळगली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हीच तरतूद जुन्या दंडसंहितेत कलम 140 म्हणून होती, दंड मात्र 500 रुपये होता. 1 जुलै 2024 पासून नवीन संहिता लागू आहे.

म्हणजे सगळं येऊन थांबतं ते हेतूवर. तुमच्या मुलाचा हेतू त्या नाक्यावर उघडा पडला. पोलिसानं त्याला फौजी समजून सोडलं, ते त्याच्या लक्षात आलं, आणि तो सलाम घेऊन पुढं गेला. तिथंच थांबून ‘साहेब, मी फौजी नाही’ म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती. उद्या याच कपड्यांच्या जोरावर ‘मी आर्मीत आहे’ सांगून त्यानं कुणाकडून पैसे किंवा उधारी घेतली, तर कलम 319 लागेल. तोतयेगिरी करून फसवणूक केल्याबद्दल त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि असा ड्रेस घालून कुणी प्रतिबंधित लष्करी जागेत शिरायला बघितलं, तर 1923 चा शासकीय गुपिते अधिनियम आहेच.

आता कायदा बाजूला ठेवून सांगतो. मी गेटवर संत्री, म्हणजे पहारेकरी, म्हणून उभा राहिलेला माणूस आहे. पहाटेच्या धुक्यात समोरून चार जण चालत येतात तेव्हा चेहरा दिसायच्या आधी दिसते ती वर्दी. बोट ट्रिगरजवळ न्यायचं की नाही, हा पहिला अंदाज तिच्यावरून बांधला जातो. ओळखपत्र, पासवर्ड हे सगळं नंतरचं. जुलै 2015 मध्ये पंजाबात दीनानगरला आणि जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर जे अतिरेकी आले, त्यांच्या अंगावर लष्करी वर्दीच होती. पठाणकोटनंतर लष्करानं जाहीर आवाहन केलं की नागरिकांनी असे कपडे वापरू नयेत आणि दुकानदारांनी ते विकू नयेत. आपल्या गोव्यात दाबोळीला नौदलाचा ‘हंसा’ तळ आहे आणि प्रवाशांची विमानंही तिथूनच उडतात, वेऱ्याला नौदल आहे, बांबोळीला सिग्नलचं ट्रेनिंग सेंटर आहे. खोट्या वर्दीतली पोरं रस्तोरस्ती फिरायला लागली तर इथला संत्री आणि नाक्यावरचा पोलीस दोघंही वर्दीकडे दुर्लक्ष करायला शिकतील. मला भीती वाटते ती याची.

त्यात त्यानं पट्टी लावलीय ती पॅराची, म्हणजे विमानातून उडी घेणाऱ्या पॅराशूट पलटणीची. ही मरून टोपी मिळवायला जवानाला प्रोबेशन काढावं लागतं. पाठीवर वजन घेऊन पळणं, उपाशीपोटी रात्र-रात्र चालणं, आणि इतकं करूनही कितीतरी चांगले जवान आपल्या मूळ पलटणीत परत पाठवले जातात. परत आलेल्यांचे चेहरे मी पाहिलेत. त्यांना जी टोपी मिळाली नाही ती बाजारात विकत घेऊन डोक्यावर चढवणं मला सहन होत नाही, आणि ते मी स्पष्ट सांगतो.

तेव्हा मुलाला समोर बसवा आणि ब्लेड त्याच्याच हातात द्या. छातीवरची पट्टी, खांद्यावरची अक्षरं, फिती, सगळं त्याला स्वतः उसवू दे. टोपी घालायची नाही. उरलेली पँट साध्या टी-शर्टवर डोंगर चढायला वापरली तर माझी हरकत नाही. मात्र कापड बारीक चौकोनी ठिपक्यांचं, डिजिटल डिझाइनचं असेल तर तेही नको. 15 जानेवारी 2022 च्या सेनादिनाला ही नवीन कॉम्बॅट वर्दी पहिल्यांदा दिसली. तिच्या डिझाइनची लष्करानं स्वतःच्या नावानं नोंदणी केली आहे. ती उघड्या बाजारात विकायची परवानगीच नाही, त्यामुळे ‘विकत मिळते’ हा मुलाचा मुद्दा टिकत नाही.

आणि ताई, पोराला वर्दीची ओढ आहे ही वाईट गोष्ट नव्हे. कॉलेजात एनसीसी असेल तर नाव घालायला सांगा. एकोणीस म्हणजे अग्निवीर भरतीचंही वय आहे. त्याला माझ्याकडे पाठवा, धावायची तयारी कशी करायची ते मी सांगतो.

आमच्या गावच्या जत्रेत आम्ही गोवा मुक्तीवर नाटक बसवतोय. सैनिकांच्या वेषासाठी आर्मीचे कपडे वापरले तर चालतील का? — नाट्यमंडळ, पेडणे

रंगमंचावर चालतील. पडद्यापुढं बसलेल्या प्रेक्षकाला फसवायचा हेतू नसतो, त्यामुळे गुन्हा होत नाही. अट एकच. वेष ग्रीनरूममध्ये चढवायचा आणि तिथंच उतरवायचा. तो अंगावर ठेवून, हातात खोटी बंदूक घेऊन जीपमधून मिरवत कुणी घरी जायचं नाही.

पण तुम्ही विचारलंच आहे तर आणखी एक सांगतो, कारण दर वर्षी 19 डिसेंबरच्या कार्यक्रमांत ही चूक दिसते. 1961 साली गोव्यात आलेल्या फौजेच्या अंगावर आजची डिजिटल वर्दी चढवू नका. तो काळ साध्या ऑलिव्ह ग्रीनचा, आम्ही ज्याला ओजी म्हणायचो त्याचा. साधं गडद हिरवट कापड घ्या आणि शिंप्याकडून शर्ट-पँट शिवून घ्या. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या 50 पॅरा ब्रिगेडचे जवान 19 तारखेला सकाळी मांडवी ओलांडून पणजीत शिरले, तेव्हा त्यांना लोखंडी हेल्मेट उतरवून मरून टोप्या घालायला सांगितलं होतं. तो प्रसंग नाटकात जरूर घ्या. हेल्मेट काढून टोपी घालणारा जवान गावातल्या म्हाताऱ्यांना बघू द्या.

मी एका सिक्युरिटी एजन्सीत गार्ड आहे. मालकानं आम्हाला कमांडोसारखा ड्रेस दिलाय. जबाबदारी त्याची की माझी? — वास्को

दोघांची. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याचं कलम 21 याच विषयावर आहे. भूदल, नौदल, हवाई दल किंवा पोलिसांची वर्दी, किंवा तशी दिसणारी, त्यांच्या खुणा असलेली वर्दी गार्डनं घातली तर गार्ड आणि मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इथं तुमचा हेतू काय होता हे कुणी विचारणार नाही. मालकाला हे कलम दाखवा, आणि तोंडी नको, लेखी सांगा.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची वर्दी ट्रंकेत आहे. भाऊ म्हणतो मी ती घालून 26 जानेवारीला झेंडावंदनाला जातो. आईला ते आवडत नाही. — साखळी

बाळ, आईचं ऐका. भावाची भावना खरी आहे, पण वर्दी वारसाहक्कानं मिळत नाही. वडिलांच्या बाहीवरच्या हवालदारपदाच्या तीन फिती त्यांच्या नोकरीच्या आहेत.

ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून नुसती बंद ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात लोकरी जर्सीला कसर लागते आणि पितळी बटणं हिरवी पडतात. उन्हं चांगली पडली की सगळं बाहेर काढा, बटणं ब्रासोनं पुसा आणि पुन्हा कोरडी घडी घाला. टोपीवरचा बिल्ला, फिती आणि पदकं काचेच्या चौकटीत लावा, खाली त्यांचा नंबर, नाव आणि पलटण लिहा. भावाला झेंडावंदनाला जायचं असेल तर पांढरा शर्ट घालून वडिलांचा फोटो हातात घेऊन जाऊ दे. ओळखपत्र आणि कॅन्टीन कार्ड घरात पडलं असेल तर पणजीच्या सैनिक कल्याण खात्यात चौकशी करून रीतसर परत करा. आईच्या पेन्शनचे कागद पूर्ण झाले नसतील तर तेही त्याच फेरीत विचारा.

पुतण्या क्रूझवर पहिल्यांदाच जातोय, कॅरिबियनकडे. त्याच्या बॅगेत कॅमोफ्लाजच्या चड्ड्या दिसल्या. तिकडे चालतात का? — मडगाव

नाही. बार्बाडोस आणि जमैकात सामान्य माणसानं असं कापड नुसतं अंगावर घालणंही बेकायदा आहे, मग तो तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असो की पर्यटक, आणि ते लहान मुलांनाही लागू आहे. हेतू काय होता हा प्रश्नच तिथं येत नाही. टोपी, बनियन, पाठीवरची पिशवी, सगळं तपासा आणि जहाजावर चढायच्या आधी साध्या रंगाचं भरा.