वाड्यातल्या जुन्या क्यू, आत्याचा हिस्सा आणि एक पांढरा बिल्ला

प्रश्न : भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दोन टेबलांचं स्नूकर पार्लर आहे. जुन्या क्यू, म्हणजे स्नूकर खेळायच्या काठ्या, जमवायचा नाद आहे. गेल्या वर्षी शेजारच्या गावातल्या मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) वाड्यातून तीन क्यू १२ हजारांना घेतल्या. वाड्यात राहणाऱ्या नातवानं दिल्या, पैसे फोनपेवर दिले, पावती घेतली नाही. त्यातली एक, 'वर्ल्ड स्नूकर चॅम्पियन जो डेव्हिस' असा बिल्ला (नावाची पट्टी) असलेली, पुण्याच्या संग्राहकाला ४५ हजारांना विकली. आता नातवाची नागपूरला दिलेली आत्या म्हणते की सामान सामाईक होतं, भाच्याला विकायचा हक्क नव्हता. तिनं ठाण्यात अर्ज दिला आहे आणि ठाणेदारांनी फोन करून 'क्यू घेऊन या' असं सांगितलं आहे. दुसऱ्या क्यूवर हस्तिदंतासारखा पांढरा बिल्ला आहे, ती इंग्लंडचा एक माणूस मागतो आहे. मी चोरीचा माल घेतला असं होईल का? क्यू परत द्याव्या लागतील का?

भाऊ, आधी एक काम. उरलेल्या दोन्ही क्यू आहेत तिथंच राहू द्या. इंग्लंडला पाठवू नका, मित्राच्या घरी ठेवू नका, आणि तो पांढरा बिल्ला तर मुळीच काढू नका. आज तुमच्याविरुद्ध फार काही नाही. वस्तू हलवलीत तर मात्र तुमच्या वागण्याचाच पुरावा होईल.

आता मालकीचं. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ प्रमाणे विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. पण लगेच पुढचं कलम २८ तुमच्यासारख्यांसाठीच आहे. वस्तू अनेकांच्या सामाईक मालकीची असेल, इतर हिस्सेदारांच्या परवानगीनं ती एकट्याच्याच ताब्यात असेल, आणि त्याच्याकडून कुणी चांगल्या भावनेनं विकत घेतली असेल, विकायचा अधिकार त्याला नाही हे घेणाऱ्याला व्यवहाराच्या वेळी माहीत नसेल, तर घेणाऱ्याला पूर्ण मालकी मिळते. नातू वाड्यात एकटा राहतो, किल्ल्या त्याच्याकडे, आत्यानं कधी हरकत घेतली नाही, हे सगळं सिद्ध करता आलं तर तुमची बाजू भक्कम आहे. आत्यानं पूर्वीच 'सामानाला हात लावू नको' असं लिहून कळवलं असेल, तर 'परवानगीनं ताबा' हा आधार डळमळतो. म्हणून नातवाला हे आजच विचारा.

तुमचा मोबाइलही नीट तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर नातवानं 'आत्याला कळू देऊ नका' असं काही लिहिलं आहे का? असेल तर तुमच्या वकिलाला ते पहिल्या भेटीतच सांगा. काहीही पुसू नका.

आत्याचा हिस्सा खरा आहे का? बहुतेक आहे, आणि ते मोकळ्या मनानं मान्य करा. 'तिचं लग्न झालं, ती गेली' हे उत्तर कोर्टात चालत नाही. वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वारस आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीनं ती मुलाइतकीच हिस्सेदार झाली, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. आपल्याकडे १९५१ मध्ये मालगुजारी गेली तेव्हा जमिनींचे कागद झाले, पुढं फेरफारही होत गेले, पण दिवाणखान्यातल्या बिलियर्ड टेबलाची आणि क्यूंची यादी कुणी केली? अशा घरांत शेती वाटली जाते आणि जंगम सामान 'नंतर बघू' म्हणून राहून जातं. वाड्यातली कपाटं, कंदील, बंदुकीच्या पेट्या घेणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं.

पोलिसांचा मुद्दा वेगळा आहे. चोरीचा माल घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ (२) खालचा गुन्हा आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. पण त्यासाठी माल चोरीचा आहे हे तुम्हाला ठाऊक हवं, किंवा तसं मानायला पुरेसं कारण हवं. नुसता संशय पुरत नाही. तुम्हाला विचारतील ते भावाबद्दल : सरासरी चार हजारांची वस्तू ४५ हजारांना कशी विकली? इथं गडबडू नका, खरं तेच सांगा. जुन्या क्यूची किंमत ओळखणाऱ्याच्या नजरेत असते. अ‍ॅश लाकडाच्या दांड्यात एबनी लाकडाचा बुंधा हातानं जोडलेला असेल तर सांध्याची टोकं गोलसर आणि थोडी कमीजास्त दिसतात, यंत्राच्या जोडाची टोकं अणकुचीदार आणि एकसारखी असतात. बिल्ला मूळचा आहे का, लांबी कापलेली आहे का, यावर भाव दसपट होतो. वस्तूचं मोल ओळखणं आणि ती चोरीची आहे हे ठाऊक असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फोनपेनं दिलेले पैसे इथं तुमच्या कामी येतात. चोरीचा माल घेणारा सहसा असा माग ठेवत नाही.

ठाणेदारांना नाही म्हणू नका, पण फोनवरच्या निरोपावर वस्तू नेऊन देऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) ची लेखी नोटीस मागा आणि नोटिसीप्रमाणे वेळेवर हजर राहा. नोटीस पाळणाऱ्याला लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. तुमचा जबाब पोलीस लिहून घेतील, त्यावर सही करायची नसते. कलम १०६ खाली क्यू जप्त केल्याच तर पंचनाम्यात लांबी, वजनाचा शिक्का, बिल्ल्यावरची अक्षरं आणि आधीचे ओरखडे लिहवून घ्या, फोटो काढा, प्रत मागा. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली सुपूर्दनाम्यावर, म्हणजे 'मागाल तेव्हा हजर करीन' अशा लेखी हमीवर, परत मिळण्याचा अर्ज लगेच द्या. मुद्देमाल ठाण्यात विनाकारण पडून राहू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ मध्येच सांगितलं आहे. आमच्या धानाच्या पट्ट्यातल्या पावसाळ्यात ओलसर खोलीच्या भिंतीला तिरपी टेकवलेली क्यू वाकते, आणि वाकलेली क्यू पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. अर्जात हे कारण जरूर लिहा.

पुण्याच्या ग्राहकाचं काय? वस्तू विक्री अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे त्याला क्यू विकताना 'विकायचा हक्क मला आहे' अशी हमी तुमच्याकडून आपोआप गेली आहे, बोलला असाल वा नसाल. त्याची क्यू गेली तर तो तुमच्याकडे पैसे मागेल, आणि त्याच कलमानं तुम्ही नातवाकडे. त्याला आजच खरी हकीकत लिहून कळवा. 'एवढ्यात पुढं विकू नका' असंही सांगा.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते तो पांढरा बिल्ला. जुन्या ब्रिटिश क्यूंवर हस्तिदंताचे बिल्ले असत. हाडाचे असत, सेल्युलॉइडचे (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचे) असत, तेव्हा अजून घाबरू नका. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसतात, हाडात बारीक छिद्रं दिसतात, सेल्युलॉइडमध्ये फार नियमित समांतर रेघा असतात. पण पातळ पट्टीवर त्या कमानी दिसतीलच असं नाही, आणि तापलेली सुई लावून बघायच्या भानगडीत पडू नका. सेल्युलॉइड पेट घेतं. खात्री होते ती प्रयोगशाळेत, आणि असे नमुने डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थानात तपासले जातात.

खरंच हस्तिदंत निघालं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. 'शंभर वर्षांपूर्वीचं आहे', 'हत्ती आफ्रिकेतला आहे' या सबबी चालत नाहीत. आयात हस्तिदंताच्या व्यापारावर १९९१ च्या दुरुस्तीनं बंदी आली आणि २००३ मध्ये बलराम कुमावत खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं लुप्त झालेल्या मॅमथ हत्तीच्या दातालाही ती लागू धरली. विकणंच काय, परवानगीशिवाय घेणं आणि बाळगणंही गुन्हा आहे. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७. ताबा कायदेशीर होता हे कलम ५७ प्रमाणे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. म्हणून इंग्लंडच्या माणसाला 'विकायची नाही' एवढंच लिहा. भाव सांगू नका, फोटो पाठवू नका. वकिलासोबत बसून वन विभागाला काय आणि कसं कळवायचं ते ठरवा. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरलाच आहे. बिल्ला उपटून फेकलात तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप येईल.

तिसऱ्या, साध्या क्यूबद्दलही परदेशी मागणी आली तर थांबा. कारागिरीची वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. जो डेव्हिसची पहिली जागतिक स्नूकर स्पर्धा १९२७ ची, म्हणजे 'वर्ल्ड स्नूकर चॅम्पियन' लिहिलेली क्यू त्याआधीची असूच शकत नाही. तिचं वय बिल्ल्यावरूनच कळतं, साध्या क्यूचं तसं नाही. आणि स्नूकरचा जन्मच १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत झालेला, आपल्याच जुन्या मध्य प्रांतात. इथल्या वाड्यात शंभरी ओलांडलेली क्यू निघणं अजिबात अशक्य नाही. वस्तू पुरावशेष आहे की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ठरवतं, त्यांचं नागपूर मंडळ आहे.

माझा स्पष्ट सल्ला असा की आत्याशी भांडू नका, बोला. नातवाला सोबत घेऊन नागपूरला जा. आलेल्या पैशांतला तिचा वाटा द्यायची तयारी दाखवा आणि बदल्यात विक्रीला तिची लेखी संमती घ्या. त्या संमतीनं मालकीतला दोषच जातो, पुण्याचा ग्राहकही सुरक्षित होतो. हे घरगुती कागदावर सोडू नका. तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण (खटला दाखल होण्याआधीचं) म्हणून न्या, लोकअदालतीतला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. आत्या महिला असल्यानं तिला मोफत वकील मिळतो, तेही तिला सांगा. हे गुन्हा नोंद होण्याआधी व्हावं. साधी चोरी मालकाच्या संमतीनं मिटते, पण पोलिसांनी न्याय संहितेचं राहत्या घरातल्या चोरीचं कलम ३०५ लावलं तर ती तशी मिटत नाही. बिल्ल्याचा विषय मात्र आत्याच्या संमतीनं सुटणार नाही, तिथं फिर्यादी सरकार असतं.

वकिलाकडे जाताना फोनपेची नोंद, नातवाशी आणि पुण्याच्या ग्राहकाशी झालेलं सगळं बोलणं, आणि तिन्ही क्यूंचे बुंध्यापासून टोकापर्यंतचे फोटो घेऊन जा. पांढऱ्या बिल्ल्याचा फोटो दिवसाच्या उजेडात, जवळून काढा.