रुखवतातले अभ्रे: क्रोशाचा काठ थेट कापडावर विणावा की वेगळा?

थेट कापडावर विणा. बहिणीच्या रुखवतात मांडायचे आहेत आणि नंतर तिने ते वापरावेतही, असं तुम्ही लिहिलंय, मग तर दुसरा विचारच नको. वेगळी विणलेली लेस कितीही मोजूनमापून लावली तरी टीप मारताना कुठे ताणली जाते, कुठे सैल पडते. कापडातूनच उचललेला काठ बेमालूम बसतो. अट एकच, कापड आधी आटवलेलं हवं.

त्यामुळे सुरुवात कापडापासून. मेन रोड ते शालिमार एवढ्या पट्ट्यात हिंडलात तरी नाशिकमध्ये लागेल ते सुती कापड मिळतं. ४४ इंच पन्ह्याचं केंब्रिक, म्हणजे बारीक दाट विणीचं सुती कापड, मागा. ३६ पन्ह्याचं पॉपलीन स्वस्त पडतं, पण आपल्याला रुंदीलाच ३७ इंच लागणार आहेत, त्यामुळे ते कामाचं नाही. हाताला कडक लागतं म्हणून कापड दणकट, असं समजू नका. तो कडकपणा बरेचदा खळीचा असतो, पहिल्या धुण्यात निघून जातो. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणतोच. कडेचा एक धागा ओढून घरी जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. अशा मिक्स कापडाला घाम नीट टिपता येत नाही. उशीला ते काय कामाचं?

एका जोडीला दोन मीटर पुरतं. कात्री लावण्याआधी ते रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्याने धुवा, न पिळता वाळवा. सुती कापड मीटरमागे दोन-तीन सेंटीमीटर सहज आटतं, कधी पाचही. क्रोशाचा मर्सराइज्ड दोरा, म्हणजे प्रक्रिया करून चकाकी आणलेला सुती दोरा, तेवढा आटत नाही. न आटवलेल्या कापडावर काठ विणला की पहिल्याच धुण्यानंतर कापड आत जातं, काठ तेवढाच राहतो आणि अभ्र्याच्या तोंडाला चुण्या पडतात. मग लोक म्हणतात विण बिघडली.

आपल्याकडची नेहमीची उशी १७ बाय २७ इंचांची असते. तरी तुमची मोजून घ्या. त्या मापाला ३७ इंच रुंद आणि ३४ इंच लांब तुकडा कापा. ३७ चे दुमडून, शिवणीला दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच गेला की घेर बरोबर ३६ इंच राहतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. लांबीतला अर्धा इंच तळाच्या शिवणीला, साडेतीन इंच तोंडाच्या दुमडीला. उरतात ३०, म्हणजे अभ्रा उशीच्या पुढे तीन इंच जातो आणि काठ मोकळा लोंबतो. बाजू आणि तळ दुहेरी शिवा: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचाच्या आत टीप, दशा कातरायच्या, मग उलटवून दुसरी टीप. इंटरलॉकची गरज पडत नाही आणि आतून एक धागा सुटत नाही. मग तोंड अर्धा इंच आणि त्यावर तीन इंच असं आत दुमडून टीप मारा.

चारही बाजूंनी काठ लावायचा मोह होतो. रुखवतात ते दिसतं छान, पण झोपल्यावर विण गालाला रुतते आणि कानातलं अडकतं. काठ फक्त तोंडाला.

आता खरं काम. मोठ्या नेढ्याच्या सुईत क्रोशाचाच दोरा ओवा आणि तोंडाच्या कडेला सगळीकडून ब्लँकेट टाका घाला (काजासारखाच, पण सुटा सुटा; दोन टाक्यांमध्ये कडेवर दोऱ्याचा फासा राहतो), पाव इंच खोल, पाव इंच अंतराने. पेन्सिलने आधी खुणा करा. पाव इंची चौकड्याचं कापड घेतलं असेल तर खुणाही नकोत, चौकडेच मोजायचे. ३६ इंचांत १४४ टाके बसतात. नवशिक्यांना हीच पायरी कंटाळवाणी वाटते आणि इथेच घाई होते. टाके उणे-अधिक झाले की वरची नक्षी शेवटी जुळत नाही, अर्धा शिंपला उरतो.

प्रत्येक फाशात तीन मुके खांब (सिंगल क्रोशे) घाला: एकूण ४३२ घरं. पुढच्या ओळीत शिंपले: दोन घरं सोडून तिसऱ्यात पाच खांब (डबल क्रोशे), पुन्हा दोन सोडून तिसऱ्यात एक मुका खांब. एक शिंपला सहा घरांचा, म्हणजे ७२ शिंपले, प्रत्येक साधारण अर्ध्या इंचाचा. सुरुवात बाजूच्या शिवणीवर करा, म्हणजे सांधा तिथेच लपतो. चार-पाच इंच विणून झालं की अभ्रा टेबलावर सपाट पसरून बघा. झालर पडत असेल तर हात सैल आहे किंवा खांब जास्त होताहेत. तोंड आवळत असेल तर सुई एक नंबर मोठी घ्या.

दोरा २० नंबरचा, सुई सव्वा किंवा दीड मिलिमीटरची. ४० नंबर जास्त बारीक असतो, दिसतो नाजूक, पण वरचा सगळा हिशोब त्याला लागू नाही. लाल, मरून, गडद निळा दोरा घेणार असाल तर हातभर तुकडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून गरम साबणाच्या पाण्यात ठेवून बघा. फडक्याला रंग लागला तर तो दोरा तोरणाला वापरा.

काही जणी मशीनमध्ये दोरा न ओवता जाड सुईने नुसती भोकं पाडून त्यातून क्रोशा घालतात. विरळ विणीच्या कापडावर जमतं. दाट कापडावर सुईने धागेच तुटतात आणि वर्षभरात काठ कापडासकट फाटून हातात येतो.

जाता जाता, आपली गंगा, म्हणजे गोदावरी, त्र्यंबकला उगम पावते आणि आंध्रात समुद्राला मिळते, त्या टोकाला नरसापूर आहे. तिथे आणि आसपासच्या गावांत घरोघरी बायका क्रोशाची लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शिकवलेली ही कला पुढे तिथला व्यवसायच झाली. एकाच नदीच्या दोन टोकांना आपण एकच काम करतोय, याची मला गंमत वाटते.

वेगळी लेस कधी विणावी? मावशी, काकू, आत्या सगळ्या हातभार लावणार असतील आणि दिवस कमी असतील तेव्हा. मग ती आडवी विणा, म्हणजे लेसच्या रुंदीएवढ्या छोट्या ओळी मागे-पुढे. सुरुवातीला लांबलचक साखळी मोजावी लागत नाही, ३६ इंच भरले की थांबायचं. मशीनवर न लावता हाताने, बारीक टाक्यांनी लावा. ह्याचा एक फायदा मान्य करायला हवा: अभ्रा विरला की लेस उसवून नव्याला लावता येते.

मांडायच्या आदल्या दिवशी साबुदाण्याची पातळ खळ द्या आणि टर्किश टॉवेलवर उलट बाजूने इस्त्री करा, शिंपले उठून दिसतात. महिनाभर आधी खळ देऊन पेटीत ठेवू नका, कसर लागते.

आणि काम वाटून देताना दोरा एकाच लॉटचा घ्या. पांढऱ्यातही फरक असतो, दुकानातल्या दिव्याखाली तो कळत नाही. सुईचा नंबर सारखा असला तरी दोघींचा हात सारखा पडत नाही, म्हणून एका जोडीचे दोन्ही अभ्रे एकीकडेच द्या.