धर्म एक असला म्हणून शेजारी देश भांडायचे थांबतात का?

तुम्ही विचारलंय, की दोन शेजारी देश ख्रिस्ती असतील तर त्या सामायिक वारशाचा त्यांच्या संबंधांना प्रत्यक्ष काही उपयोग होतो, की ते नुसतं भाषणात टाळ्या घेण्यापुरतं असतं?

होतो, पण आपण समजतो त्या जागी होत नाही. एक धर्म आहे म्हणून भांडण टळतं, हे काही खरं नाही. बोलिव्हिया आणि पॅराग्वे दोघेही कॅथलिक, तरी १९३२ ते १९३५ चाकोच्या ओसाड रानासाठी एकमेकांच्या जिवावर उठले होते. उपयोग होतो तो भांडण हाताबाहेर जायला लागल्यावर. तेव्हा दोघांनाही चालेल असा कुणीतरी मध्ये पडायला मिळतो. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चोख उदाहरण अर्जेंटिना आणि चिलीचं आहे.

दक्षिण अमेरिकेच्या पार शेपटाला बीगल चॅनल नावाची अरुंद सामुद्रधुनी आहे. तिच्या पूर्वेच्या तोंडाशी पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही तीन बेटं आहेत. बेटांवर वस्ती नावापुरती, पण ती ज्याची त्याचा अटलांटिकवरचा हक्क वाढणार, म्हणून हट्ट. १९७१ मध्ये दोघांनी लवाद मान्य केला. लवाद नावाला ब्रिटिश राणीचा, प्रत्यक्षात निवाडा करणारे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातले पाच न्यायाधीश. १९७७ मध्ये निकाल लागला, बेटं चिलीला. जानेवारी १९७८ मध्ये अर्जेंटिनाने तो सरळ धुडकावला. ज्या ब्रिटनशी त्याच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवरून आपलं जुनं वाकडं, त्याच्या राणीच्या नावाने आलेला निकाल ब्वेनोस आयरेसच्या पचनी पडणं कठीणच होतं म्हणा.

दोन्हीकडे तेव्हा लष्करी राजवट. अर्जेंटिनात विदेला, चिलीत पिनोशे. दोघेही स्वतःला ख्रिस्ती संस्कृतीचे राखणदार म्हणवणारे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अर्जेंटिनाने बेटांवर उतरायची तयारी पूर्ण केली. आरमार दक्षिणेकडे निघालं, पण केप हॉर्नजवळ समुद्र इतका खवळला की मोहीम लांबली. तेवढ्या सवडीत, नाताळला दोन-तीन दिवस उरले असताना, पोप जॉन पॉल दुसरे यांचा निरोप आला की माझा दूत पाठवतो, त्याचं ऐकून घ्या. पोप होऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते.

आता विचार करा, अशा वेळी ‘नको’ कोण म्हणणार? उठताबसता धर्माचं नाव घेणाऱ्या सेनापतींनी ऐन नाताळात पोपला दारातून परत पाठवायचं, तेही चर्चला जाणाऱ्या आपल्याच लोकांसमोर? आपल्याकडे भाऊबंदकीत बांधावरून कुऱ्हाडी निघाल्यावर घरातला म्हातारा आडवा येतो आणि ‘तात्यांच्या शब्दाखातर थांबलो’ म्हणून दोघांचंही नाक शाबूत राहतं, तसलाच हा प्रकार.

दूत म्हणून आले कार्डिनल आंतोनियो सामोरे. वय ७३, व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचे आणि दप्तरखान्याचे प्रमुख. पूर्वी कोलंबियात पोपचे राजदूत होते, त्यामुळे या मुलखाची चांगली ओळख. बेटं कुणाची हा विषय त्यांनी आधी काढलाच नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. दोन आठवडे ब्वेनोस आयरेस आणि सान्तियागो अशा खेपा घालून ८ जानेवारी १९७९ ला उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओत त्यांनी दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांच्या सह्या घेतल्या. मजकूर एवढाच: पोपनी मध्यस्थी करावी, कुणीही बळ वापरणार नाही, आणि सैन्य हळूहळू १९७७ च्या सुरुवातीला होतं तसं मागे जाईल.

पुढचं काम मात्र सहा वर्षं रेंगाळलं. १९८० मध्ये पोपनी तोडगा मांडला. चिलीने मानला, अर्जेंटिनाने मानला नाही. इथे धर्माला सगळं श्रेय देणाऱ्यांनी जरा थांबावं. कारण गाडं हललं ते १९८२ मध्ये अर्जेंटिना फॉकलंडचं युद्ध हरल्यावर, लष्कराची पत गेल्यावर आणि १९८३ च्या शेवटी अल्फॉन्सिन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर. त्यांनी नोव्हेंबर १९८४ मध्ये लोकांचाच कौल घेतला, ८० टक्क्यांहून जास्त मतं ‘हो’ला पडली. २९ नोव्हेंबरला व्हॅटिकनमध्ये शांतता आणि मैत्रीचा करार झाला. एवढा कौल मिळूनही अर्जेंटिनाच्या सिनेटमध्ये तो एका मताने तरला! सामोरे हे पाहायला नव्हते, ते १९८३ मध्येच वारले. अँडीजमधल्या एका घाटाला आज त्यांचं नाव आहे.

आणि बेटं? चिलीलाच मिळाली. अटलांटिकचं पाणी बहुतांशी अर्जेंटिनाकडे राहील अशी सागरी रेघ आखली, हा फरक. पण बेटांपुरतं बोलायचं तर न्यायाधीशांनी जे सांगितलं तेच झालं.

नुसत्या प्रतीकांवर मात्र माझा विश्वास नाही. याच दोन देशांनी आधीचा सीमातंटा मिटल्यावर मार्च १९०४ मध्ये अँडीजच्या खिंडीत, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, येशूचा ब्राँझचा पुतळा उभा केला. रेल्वेने जमेल तिथवर आणि मग खेचरांच्या पाठीवरून सुटे भाग चढवले. हे डोंगर कोसळतील पण आमची शांतता मोडणार नाही, अशा अर्थाची पाटीही नंतर लावली. सत्तरच्या दशकात चिलीने आपल्या सीमांवर भूसुरुंग पेरले तेव्हा त्या पाटीने कुणाला अडवलं नाही. ते सुरुंग काढून व्हायला २०२० उजाडलं.

चिलीचाच दुसरा शेजारी बोलिव्हिया घ्या. तोही कॅथलिक, स्पॅनिश बोलणारा. एकोणिसाव्या शतकातल्या युद्धात चिलीकडे गेलेला समुद्रकिनारा परत हवा म्हणून त्याने १९७८ मध्येच चिलीशी राजनैतिक संबंध तोडले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस बोलिव्हियातल्या ला पासला गेले आणि समुद्राच्या प्रश्नावर बोलणी व्हावीत असं म्हणालेही. पण बोलिव्हियाशी झालेल्या १९०४ च्या तहाने सगळं मिटलंय, तिसऱ्याचं काम नाही, ही चिलीची भूमिका. खटला आधीच हेगला गेला होता. २०१८ मध्ये चिलीवर वाटाघाटींची सक्ती नाही असा निकाल लागला, आणि बोलिव्हियाचं आरमार आजही टिटिकाका सरोवरात आणि नद्यांतच फिरतं.